आण्णांचा चौदा गाण्यांचा सिनेमा

आमच्या आण्णांना वाईट सिनेमे आवडायचे, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. त्यांना एकच वाईट सिनेमा आवडायचा. बाकीचे, चांगले म्हणतात तसले, ते अर्ध्यावर सोडून पाणी प्यायला उठायचे आणि परत येऊन विचारायचे, "मेला का अजून न्हाय?"

तो एक सिनेमा म्हणजे 'चांदणं वेदगंगेचं'. निपाणीच्या आसपासच्या हौशी लोकांनी आण्णांच्या तरुणपणी काढलेला. त्यात चौदा गाणी होती. नायक गातो, नायिका गाते, खलनायक चोरी करताना गातो आणि नायकाची आई मेल्यावरसुद्धा एक गाणं म्हणते. नदीकाठची रात्र भर दुपारी, कॅमेऱ्याला निळा कागद लावून घेतलेली. त्यामुळं चांदण्यात सगळे डोळे बारीक करून उभे आणि गळ्याला घाम. तीन गाण्यांत एकच म्हैस येते. ज्याच्या मळ्यात शूटिंग झालं, त्यानं अट घातली होती म्हणे, मळा वापरा पण माझी म्हस दिसली पाहिजे.

निपाणीच्या थेटरात तो आठवडाभर चालला. लोक हसायला जात होते, म्हणून चालला. आमच्या भागात अजूनही एखाद्याचं काही फसलं, की जुनी माणसं "झालं चांदणं" म्हणतात.

आण्णा म्हणजे माझे घरमालक. मी चिकोडी तालुक्यातल्या एका खेड्यातली. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची, वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात ह्या गोष्टीचा हात आहे. कॉलेजची तीन वर्षं मी निपाणीत आण्णांच्या माडीवरच्या खोलीत काढली.

ते जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचे. उन्हाळ्यात ठीक, पण थंडीत सहाच्या आधीच ताट लागायचं आणि मी कॉलेजातून उशिरा आले की आक्का, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, म्हणायच्या, "तुझं ताट झाकलंय. आमचा सूर्य बुडाला." जेवण झालं, की आण्णा कट्ट्यावर बसून चौदातलं एखादं गाणं सुरू करायचे. आवाज चांगला नव्हता. पण मधलं सनई-पेटीचं संगीतही ते तोंडानंच वाजवायचे, एकही ठोका न सोडता. आक्का आतून म्हणायच्या, "ती पिच्चर म्हंजे त्यांची पहिली बायकू. मी दुसरेपणावर आलो."

त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, कुस्तीचं मैदान, निवडणूक, सगळीकडं त्यांचे कर्णे. मी राहायला गेले तेव्हा धंदा बंद झाला होता, पण कर्णे माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेले. घरातल्या प्रत्येक वस्तूवर कागद चिकटवलेला असायचा आणि त्यावर नाव. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. साखरेचा डबा, मिठाचा डबा, दिव्याची बटणं, औषधाच्या बाटल्या. माझ्या खोलीच्या दारावर 'खोली' असं दोन्ही भाषांत लिहिलं होतं. मी एकदा हसून म्हणाले, "आण्णा, खोली आहे हे दिसतंय की."

"दिसतंय म्हणूनच चूक हुतीय," ते म्हणाले.

आणखी एक खोड. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "आता मी कन्नड बोललो का मराठी?"

"मराठी, आण्णा."

"बरं. मग फुडं बोलू."

आमच्याकडं दोन्ही भाषा एका वाक्यात येतात. भाजी घेताना, बसमध्ये, घरात. कुणी त्याचा हिशेब ठेवत नाही. आण्णा ठेवायचे. मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.

दर रविवारी सकाळी अकराला सिनेमा. कुठूनतरी त्यांनी त्याची सीडी करून आणली होती. चित्रावर उभी पांढरी रेघ होती, ती शेवटपर्यंत जात नसे. प्रेक्षक म्हणजे मी, शेजारची एक विडी वळणारी मावशी आणि टीव्हीकडं पाठ करून तांदूळ निवडणाऱ्या आक्का. पहिल्या दिवशी माझं हसू थांबेना. आण्णांनी यंत्र थांबवलं.

"हस की. चांगला हाय म्हणून मी दाखवत न्हाय."

"मग कशाला दाखवता?"

"माझा हाय म्हणून."

हळूहळू तो माझाही झाला. पाचव्या-सहाव्या रविवारी मी म्हैस यायच्या आधीच "आली" म्हणायला लागले. मेलेल्या आईचं गाणं लागलं की मी आणि मावशी बरोबरीनं म्हणायचो. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास डोक्यात शिरेनासा झाला की मी आण्णांना विचारायची, "आण्णा, तेवढं म्हशीचं लावता का?" ते लावायचे. त्या चांदण्यात घामेजलेली माणसं किती मनापासून उभी आहेत, हे पाहिलं की बरं वाटायचं. आज माझ्या घरी मोठा टीव्ही आहे, त्यावर हवा तो सिनेमा लागतो. त्यातला एकही मला पाठ नाही.

नववं गाणं आलं, की मात्र आण्णा गप्प व्हायचे. ते ह्या सिनेमाचं सगळ्यात बदनाम गाणं. नायक जखमी होऊन डोळे मिटून पडलाय आणि नायिका त्याच्या उशाशी बसून गाते. मागं बारा बायका नाचतायत. आवाज मराठी आणि नायिकेचे ओठ भलतंच काहीतरी बोलतायत. सुरुवातीलाच ती एक हात वर करते, बाजूला बघून काहीतरी म्हणते आणि मग गायला लागते. लोकांनी तिचं नाव 'मुकी हिरॉईन' ठेवलं होतं. थेटरात तिच्या ओठांवर पोरं आपापले शब्द घालायची. तिला मराठीची चार अक्षरं शिकता आली नाहीत, असं म्हणे दिग्दर्शकानंच सगळ्यांना सांगितलं. ती गोकाककडची. ह्या सिनेमानंतर तिला कुणी उभं केलं नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एका रविवारी आण्णांनी नववं गाणं सुरू होताच थांबवलं आणि मला म्हणाले, "ती चूक माझी हाय."

मावशी आली नव्हती. आक्का बाजारात गेल्या होत्या. आण्णांनी जे सांगितलं ते असं.

सिनेमा दोन्ही भाषांत निघत होता. प्रत्येक गाणं दोनदा घ्यायचं, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेली. शूटिंगच्या वेळी मोठ्या चक्रीच्या टेपवर गाणं लावायचं आणि नटांनी त्यावर ओठ हलवायचे. टेप लावायचं काम आण्णांचं. ते बावीस वर्षांचे. नवव्या गाण्याच्या दिवशी एकदाच पुरेल एवढंच रीळ उरलं होतं. दिग्दर्शकानं ठरवलं, मराठीच घ्यायचं. तो नदीच्या पलीकडच्या काठावर, झाडावर लांबचं जवळ आणणाऱ्या भिंगाचा कॅमेरा बांधून बसलेला. इकडं आण्णांनी टेप लावली. कन्नडची लागली.

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

"न्हाय की. तेच सांगायलोय. मला सगळं समजत होतं. शब्दन् शब्द. समजतंय म्हटल्यावर कुठल्या भाषेतलं हाय हे कोण बघतंय?"

"आणि त्या बारा बायका?"

"वखारीतल्या बायका त्या. त्यास्नीबी दोन्ही येत होत्या. कुणी बोललं न्हाय. पलीकडच्याला फकस्त पेटीच ऐकू जात होती."

"आणि ती?"

आण्णांनी पडद्यावर थांबलेल्या त्या वर केलेल्या हाताकडं बोट दाखवलं. "ती इचारत्या. 'हीच का?' म्हणून. कन्नडमध्येच इचारली, आणि मी म्हटलो व्हय, सुरू करा. तिनं ते मराठी गाणं नऊ दिवस पाठ केलतं. वहीत कन्नड अक्षरात लिवून घेतलतं. मीच शिकवलतो."

पुढं जेव्हा चित्र आणि आवाज जुळेना, तेव्हा दिग्दर्शकानं सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली. आण्णा तिथंच केबल गुंडाळत होते. "तिनं माझ्याकडं बघितली. मी गुंडाळतच राहिलो."

मी म्हणाले, "आण्णा, आता पत्र लिहा की त्यांना."

"पत्र ती एकटी वाचणार. हसलं ते सगळं गाव." मग थांबून म्हणाले, "मला एकदा पडद्यावर दाखवून, माणसं बसलेली असताना सांगायचंय. दोन मिन्टं. टेप मी चुकीची लावली, बाईंची चूक न्हाय. एवढंच. मग मेलो तरी चालतंय."

त्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. माझं मराठी शुद्ध म्हणून. ते शुद्ध करायला मी दोन वर्षं घालवली होती. 'न्हाय'चं 'नाही' केलं, 'गेलतो'चं 'गेले होते'. कार्यक्रमात काहीतरी वेगळं हवं होतं, तर मीच सुचवलं, 'चांदणं'मधली निवडक गाणी मोठ्या पडद्यावर दाखवू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी एका जाणकार व्यक्तीचं दोन मिनिटांचं मनोगत, असंही मी कार्यक्रमपत्रिकेत घातलं. आण्णांना घरी येऊन सांगितलं. त्यांनी उठून माळ्यावरचा एक कर्णा काढला, पुसला आणि परत ठेवला.

विद्यार्थी मंडळाच्या पोरांनी फलक लावला, 'या आणि पोट धरून हसा'. आण्णांना तो दिसू नये म्हणून मी धडपडले. पण ते बाजारातून वाचूनच आले होते.

"हसा लिवलंय," ते म्हणाले.

"आण्णा, पोरं आहेत..."

"बरोबर लिवलंय. हसतीलच. हसलेला माणूस लगीच उठून जात न्हाय, बसतोय. मग मी बोलतो." आणि जाता जाता म्हणाले, "फुडं दोन खुर्च्या जादा ठेव. पाव्हणे हाईत."

गॅदरिंग दुपारी होतं. हॉलमध्ये चारशे पोरं-पोरी, खिडक्यांना काळं कापड. आण्णा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला एक वयस्क बाई आणि त्यांची सून. बाईंचं पातळ हिरवं, केस पूर्ण पांढरे. मी वरून नमस्कार केला. आण्णांचे नातेवाईक असतील, एवढंच मला वाटलं.

म्हैस आली तेव्हा हॉल कोसळायचा बाकी राहिला. मेलेल्या आईच्या गाण्याला पोरं बाकांवर उभी राहिली. मी बाजूला माईक धरून उभी होते आणि अभिमानानं फुगले होते, कार्यक्रम असा रंगलेला कुणी पाहिला नव्हता.

मग नववं गाणं लागलं. पडद्यावर त्या बारा बायका आल्या. सिनेमावाल्यांनी त्यांना नाच शिकवलाच नव्हता. त्यामुळं हाताला जे येत होतं तेच त्या करत होत्या. डाव्या हातात पान घ्यायचं, उलटं करायचं, शीर ओढायची, बाजूला टाकायचं. ठेक्यात. घरी टीव्हीवर त्या लहान दिसायच्या. मोठ्या पडद्यावर प्रत्येकीची बोटं दिसत होती. माझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण, बेळगावच्या कॅम्प भागातून शिकायला आलेली, हसत हसत म्हणाली, "ह्या बायका काय करतायत गं?"

मला माहीत होतं. मी तेच हात बघत मोठी झाले होते. मी म्हणाले, "देव जाणे." आणि तिच्यापेक्षा जोरात हसले.

नायिकेचा चेहरा पडदाभर आला आणि चारशे पोरांनी तिच्या ओठांवर शब्द घालायला सुरुवात केली. कुणी भाजीवाली केली, कुणी कंडक्टर. "मुकी, मुकी" असा ठेका धरला. गाणं संपलं, दिवे लागले. आण्णा उठून मंचाच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले होते. हातात घडी घातलेला कागद. एक पाय पायरीवर.

माझ्याकडं वेळ होता. हे मी स्पष्ट लिहिते. प्रमुख पाहुण्यांना घाई आहे असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण ते निवांत चहा पीत होते. खरं कारण वेगळं. आण्णा वर आले असते, अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलले असते. मध्येच थांबून "आता मी काय बोललो, कन्नड का मराठी?" असं चारशे पोरांना विचारलं असतं. पोरं हसली असती. आणि मग कुणीतरी म्हणालं असतं, ही ह्यांच्याच घरात राहते की. मी स्वतःला समजावलं, की मी म्हाताऱ्या माणसाची फजिती वाचवतेय. माईक तोंडाला लावला, शुद्ध मराठीत सर्वांचे आभार मानले आणि कार्यक्रम संपला असं जाहीर केलं.

पाय पायरीवरून खाली घेताना आण्णांनी एकदा कागदाकडं बघितलं. मग तो खिशात घातला.

संध्याकाळी मी घाबरतच घरी गेले. ताट झाकलेलं होतं. आण्णा कट्ट्यावर होते.

"आण्णा, वेळच नव्हता हो."

"व्हय की. मोठ्या कार्यक्रमात तसंच हुतंय." आणि मग म्हणाले, "बोललीस मात्र झ्याक."

आक्का त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत होते तेव्हा मागं येऊन उभ्या राहिल्या. "काल ती हिरवं पातळ नेसून कोण आलती, ठावं हाय?"

"न्हाय." किती दिवसांनी माझ्या तोंडून 'न्हाय' आलं.

"गोकाकची बाई ती. चार पत्रं घातली तवा यायला तयार झाली. सगळ्यांच्या म्होरं सांगतो, म्हणून बोलवलतं. गाणं लागल्यावर सून म्हणाली, चला उठू या. तर ती म्हणाली, थांब, त्यास्नी बोलायचंय." आक्कांनी माझी घागर उचलून बाजूला ठेवली आणि आपली नळाखाली लावली. "शिकलीस गं बाई तू."

मी माफी मागितली नाही. परीक्षा जवळ आहे म्हणाले, वाचनालयात जाऊन बसायला लागले, रविवारीसुद्धा. आण्णांनी मला कधी बोल लावला नाही. निकाल लागला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, "आमच्या घरातली पोरगी" म्हणून. खोली सोडून निघाले त्या दिवशी त्यांनी माझ्या ट्रंकेवर कागद चिकटवला आणि माझं नाव लिहिलं, दोन्ही भाषांत. मी म्हणाले, "रविवारी येत जाईन." गेले नाही. पुढं बी.एड. झाले, बेळगावात नोकरी लागली, माझ्या पगारावर आईचं वखारीत जाणं बंद झालं. ह्या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आण्णा गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं.

मागच्या वर्षी मी गोकाकला गेले. पत्ता आक्कांनी दिला, तोही दोनदा मागितल्यावर. बाई आता फारशा उठत नाहीत. खिडकीशी बसून शेंगा फोडत होत्या. मी कन्नडमध्येच बोलले. मी कोण ते सांगितलं, माईक माझ्या हातात होता तेही सांगितलं. आणि मग आण्णांचं वाक्य सांगितलं, टेप त्यांनी चुकीची लावली, तुमची चूक नव्हती.

त्या शेंगा फोडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे, बाळ. ती टेप मी ऐकली होती. मी ऐकूनच गायले."

बाईंनी टरफलं बाजूला सारली.

"त्या दिवशी हॉलमध्ये किती माणसं होती?" त्यांनी विचारलं.

"चारशे."

"त्यांना सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी शेंगांची परडी माझ्याकडं सरकवली. मीही फोडायला लागले. सून चहा घेऊन आली. त्यानंतर बाई ऊन, गुडघे आणि नातवाची शाळा ह्याबद्दल बोलल्या, सिनेमाबद्दल नाही.

ती चारशे पोरं आता कुठं कुठं आहेत. काही पुण्यात, काही बंगळुरात, काही इथंच कोर्टात, बँकेत, शेतात. त्यातलं कुणी हे वाचत असेल, किंवा ज्यांनी कधी 'चांदणं' पाहून टिंगल केली असेल, त्यांनी ऐका. त्या बाईंनी ते गाणं नऊ दिवस मराठीत पाठ केलं होतं. त्या दिवशी जी टेप लागली, तिच्याबरोबर त्या बिनचूक गायल्या. टेप चुकीची लागली होती. ती आमच्या आण्णांनी लावली होती, आणि हे त्यांना स्वतः सांगायचं होतं. त्यांना मी बोलू दिलं नाही.